फेरीपुरतें नांव

शास्त्रांतील मोठ्या प्रश्नावर मतभेद झाला तर तो चारचौघांत सांगावयास कोणी लाजत नाहीं. लहान प्रश्नावर झाला तर मात्र तो सांगतांना थोडा संकोच वाटतो. आमचा आणि आमच्या विद्यार्थ्यांचा गेल्या पुष्कळ वर्षांचा मतभेद असाच एका लहान प्रश्नावरचा आहे. संगणकाकडून एकच काम पुन्हां पुन्हां करून घ्यावयाचें असतें तेव्हां प्रोग्रामांत जो लूप लिहावा लागतो, त्यांतील फेऱ्या मोजणाऱ्या चलाचें नांव कोठें जन्मास यावें आणि कोठें संपावें, एवढाच तो प्रश्न. विद्यार्थी प्रोग्रामाच्या अगदीं आरंभीं 'आय', 'जे', 'के' अशीं तीन-चार नांवें एका ओळींत जाहीर करून टाकतात, आणि पुढील शंभर ओळींत जेथें जेथें लूप येईल तेथें तेथें तींच नांवें वापरीत जातात. आम्ही अशा उत्तराचे दोन गुण कापतों. मग एखादी विद्यार्थिनी नम्रपणें, पण नाराजी न लपवितां, विचारते, "सर, आउटपुट बरोबर आहे, प्रोग्राम चालतो, मग दोन गुण कशाबद्दल गेले?"

हा प्रश्न रास्त आहे. प्रोग्राम म्हणजे यंत्रास दिलेलें आज्ञापत्र; यंत्रानें आज्ञा बिनचूक पाळली असेल, तर लिहिणारानें नांव कोठें जाहीर केलें ह्याची चौकशी करण्याचा अधिकार परीक्षकास कोणी दिला? पोटभर जेवून उठल्यावर पंगतींतील रांगोळीस नांवें ठेवावीं, तसला हा प्रकार कोणास वाटल्यास नवल नाहीं. म्हणून ह्या दोन गुणांचा हिशेब एकदां सविस्तर द्यावा असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम व्याप्ति म्हणजे काय तें पाहूं. प्रोग्रामांत नांव जाहीर केलें म्हणजे त्या नांवाला एक क्षेत्र मिळतें. त्या क्षेत्रांत तें उच्चारलें तर अमुक एक वस्तु समजावी. क्षेत्राबाहेर उच्चारलें तर तें अनोळखी समजावें, अथवा त्याच नांवाची दुसरी एखादी वस्तु समजावी. ह्या क्षेत्रास इंग्रजींत स्कोप म्हणतात, आपण व्याप्ति म्हणूं. हा विचार संगणकाबरोबर जन्मला असें मात्र नव्हे. पाणिनीची अष्टाध्यायी ज्यांनीं थोडीबहुत चाळली असेल त्यांना 'अनुवृत्ति' आणि 'अधिकार' हे शब्द परिचयाचे असतील. एका सूत्रांत आलेलें पद पुढील सूत्रांत पुन्हां न उच्चारतां चालू राहतें, ही अनुवृत्ति. आणि कांहीं सूत्रें तर केवळ पुढील सूत्रांवर आपली सत्ता चालविण्यासाठींच घातलेलीं आहेत, तो अधिकार. सहाव्या अध्यायाच्या चौथ्या पादाच्या आरंभीं 'अंग' ह्या संज्ञेचा जो अधिकार सुरू होतो, तो सातव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत चालतो. असा अधिकार ओळखूं यावा म्हणून पाणिनीनें स्वरित स्वराची खूण योजिली होती. पुढें पाठपरंपरेंत ती खूण लोपली, आणि अमुक पदाचा अधिकार कोठपर्यंत, हें सांगण्याचें काम टीकाकारांवर येऊन पडलें. सूत्रकाराच्या मनांत मर्यादा स्पष्ट होती; लिखाणांत ती उरली नाहीं; म्हणून वाचणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांना ती विचारून घ्यावी लागली. आमच्या दोन गुणांचा निम्मा हिशेब ह्या एका गोष्टींत आला.

गणितांतहि हीच रीत आहे. बेरजेच्या चिन्हाखालीं 'आय' हें अक्षर लिहून एकापासून शंभरापर्यंत बेरीज घ्यावयास सांगितली, म्हणजे त्या अक्षराचें आयुष्य त्या बेरजेपुरतें असतें. त्याच्या जागीं 'के' घातला तरी उत्तरांत तिळमात्र फरक पडत नाहीं. आणि बेरीज झाल्यावर 'आतां आयची किंमत किती?' असें कोणी विचारलें, तर तो प्रश्नच अर्थहीन ठरतो. फ्रेगे ह्या जर्मन तर्कशास्त्रज्ञानें १८७९ सालच्या आपल्या ग्रंथांत अशा बद्ध अक्षरांच्या क्षेत्राचा विचार काटेकोरपणें मांडला. तेव्हां लूपांतील नांव लूपापुरतेंच असावें, ही कल्पना गणितांत मुरलेल्या माणसाला मुळींच नवी नाहीं. नवल वाटतें तें हें, कीं संगणकाच्या भाषांना ती अंगीं बाणविण्यास इतकीं वर्षें लागावीं.

ह्याचें एक कारण आरंभींच्या यंत्रांच्या गरिबींत आहे. जॉन बॅकस आणि त्याचे सहकारी ह्यांची फोर्ट्रान भाषा १९५७ सालीं आय. बी. एम. ७०४ ह्या यंत्रासाठीं बाहेर पडली. त्या यंत्राची स्मृति फार तर ३२,७६८ शब्दांची, आणि फेऱ्या व अनुक्रम मोजण्यास सोयीचीं अशीं खास रजिस्टरें अवघीं तीन. अशा घरांत प्रत्येक कामाला वेगळें भांडें कोठून मिळणार? फोर्ट्रानमध्यें नांव जाहीर करण्याचीहि सक्ति नव्हती. नांवाचें पहिलें अक्षर आयपासून एनपर्यंतच्या सहांपैकीं असेल तर तो पूर्णांक, नाहीं तर अपूर्णांक चालणारी 'रिअल' संख्या, असा ढोबळ नियम होता. जी अक्षरानें सुरू होणारा 'गॉड' तेवढा जाहीर न करतांहि रिअल, म्हणजे खरा, ठरतो, असा विनोद ह्या धंद्यांतील जुनीं माणसें अजून करतात. लूप मोजणाऱ्यास आय म्हणण्याची चाल गणितांतून आली आणि ह्या नियमानें ती कायमची झाली.

आतां लूप संपल्यावर त्या आयचें काय होतें? फोर्ट्रानच्या १९६६ सालच्या प्रमाणकानें उत्तर दिलें, कीं त्याची किंमत अनिश्चित समजावी. म्हणजे नांव उरलें, पण त्याचा अर्थ गेला. १९७७ सालच्या प्रमाणकानें हा निर्णय फिरवून, शेवटची किंमत टिकते, असें ठरविलें. एकापासून दहापर्यंतचा लूप पुरा झाला म्हणजे आय अकरावर उभा राहतो. तिकडे जानेवारी १९६० मध्यें पॅरिसला तेरा विद्वान् जमले, आणि त्यांनीं ठरविलेल्या अल्गोल ६० ह्या भाषेचा अहवाल पीटर नाउर ह्यानें संपादिला. त्या भाषेनें जगाला खंडांची रचना दिली : 'बिगिन' आणि 'एंड' ह्या दोन शब्दांमध्यें जाहीर केलेलें नांव त्या दोन शब्दांच्या आंतच जगावें. पण लूपाच्या बाबतींत अल्गोल ६० देखील बिचकली. लूप सरळ संपला तर किंमत अनिश्चित, आणि मध्येंच उडी मारून बाहेर आलें तर किंमत कायम, अशी दुटप्पी व्यवस्था तिनें ठेवली. पुढें अल्गोल ६८ आणि १९८३ सालीं प्रमाणित झालेली अडा ह्यांनीं गणिताची रीत सरळ उचलली. तेथें लूप स्वतःच आपलें नांव जन्मास घालतो, आंत त्याची किंमत कोणास बदलूं देत नाहीं, आणि लूप संपला कीं तें नांवहि संपतें. सी भाषेंत नांवें खंडाच्या माथ्यावरच जाहीर करावीं लागत; तीं लूपाच्या तोंडाशींच जाहीर करण्याची मुभा १९९९ सालच्या प्रमाणकानें दिली. सी प्लस प्लसमध्यें ती मुभा पूर्वींच होती, परंतु तेथें नांव लूपाबाहेर गळत असे. १९९८ च्या प्रमाणकानें तें आंत कोंडलें. आमचे विद्यार्थी ज्या पद्धतीनें लिहितात ती आळसाची नव्हे, वारशानें आलेली आहे, हें येथें कबूल केलें पाहिजे. यंत्राची गरिबी संपली. गरिबींतील संवय मात्र पाठ्यपुस्तकांतून चालत राहिली.

ह्या संवयीनें होतें काय, तें आतां पाहूं. समजा, बाहेरचा लूप शून्यापासून नऊपर्यंत दहा फेऱ्यांचा आहे, त्याच्या पोटांत पांच फेऱ्यांचा दुसरा लूप आहे, आणि दोघेहि वर जाहीर केलेल्या एकाच आयवर चालतात. आंतील लूप संपतांना आय पांच होतो. बाहेरचा लूप त्यांत एक मिळवून सहा करतो. सहा हे दहांहून कमी म्हणून पुन्हां आंत शिरतो. आणि आंतील लूप आयला परत शून्यावर नेतो. असा प्रोग्राम कधींच थांबत नाहीं. आंतील लूप पांचांऐवजीं दहा फेऱ्यांचा असेल तर नेमका उलट प्रकार : पहिल्याच फेरींत आय दहावर जातो, मग अकरा होतो, आणि बाहेरचा लूप तेथेंच आटोपतो. पहिला दोष निदान यंत्र अडवून ठेवून आपली वर्दी देतो. दुसरा मुकाट्यानें दहांपैकीं नऊ फेऱ्या गिळतो, आणि वर उत्तर म्हणून एक सभ्य दिसणारा आंकडाहि छापतो.

पायथॉन भाषेंत, जी हल्लीं शाळेपासून शिकवितात, लूपांतील नांव लूपानंतरहि शिल्लक राहतें. तिचा उपयोग चतुर विद्यार्थी असा करतात : हजेरीच्या यादीवरून लूप फिरवावयाचा, आणि लूप संपल्यावर तेंच नांव 'शेवटचा विद्यार्थी' म्हणून छापावयाचें. यादींत चाळीस नांवें असोत कीं एक असो, उत्तर बरोबर येतें. पण ज्या दिवशीं यादी रिकामी असते त्या दिवशीं लूप एकदांहि फिरत नाहीं, नांव जन्मासच येत नाहीं, आणि प्रोग्राम मध्येंच कोसळतो. हें झालें नशिबाचें. त्याच प्रोग्रामांत आधीं दुसऱ्या वर्गासाठीं तेंच नांव वापरलें असेल, तर तो कोसळतहि नाहीं. आदल्या वर्गाचा शेवटचा विद्यार्थी ह्या रिकाम्या वर्गाच्या नांवावर निमूटपणें चढवितो. परीक्षेंत दिलेल्या नमुन्याच्या यादींत हें कधींच दिसत नाहीं. 'प्रोग्राम चालतो' ह्या वाक्याचा खरा अर्थ 'ज्या यादीवर आम्हीं चालवून पाहिला त्या यादीवर चालतो' इतकाच असतो.

इथपर्यंत नांव कोठें संपावें ह्याचा विचार झाला. परंतु लूपांतील नांवाविषयीं ह्याहून सूक्ष्म असा एक प्रश्न आहे, आणि त्यानें मोठमोठ्या भाषाकारांनाहि चकविलें आहे. लूपाच्या दहा फेऱ्यांत एकच आय दहा वेळां बदलतो, कीं प्रत्येक फेरीला नवा आय जन्मास येतो? वरवर पाहतां हा तर्कशास्त्र्यांचा वाद वाटेल. एक दृष्टान्त घेऊं. कचेरींतील कारकुनास दहा जणांना पैसे पोंचवावयाचे आहेत. तो फळ्यावर पहिल्याचें नांव लिहितो आणि एक चिठ्ठी तयार करतो : 'फळ्यावर ज्याचें नांव असेल त्यास पैसे द्यावे.' मग फळा पुसून दुसऱ्याचें नांव लिहितो, तशीच दुसरी चिठ्ठी करतो. आणि अशा दहा चिठ्ठ्या होतात. चिठ्ठी लिहितांना वाचली तर ती बिनचूक आहे. पण शिपाई त्या दहाहि चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशीं उघडतो, फळ्याकडे पाहतो, आणि दहाहि वेळां शेवटच्याच गृहस्थास पैसे देऊन येतो. प्रत्येक फेरीला नवी पाटी घेऊन ती चिठ्ठीस बांधली असती तर हा घोटाळा झाला नसता.

प्रोग्रामांत अशा 'उद्यां उघडावयाच्या' चिठ्ठ्या पदोपदीं असतात. १९९५ सालच्या जावास्क्रिप्ट भाषेंत 'व्हार' ह्या शब्दानें जाहीर केलेलें नांव साऱ्या फंक्शनभर पसरतें, आणि सर्व फेऱ्यांना फळा एकच असतो. शून्यापासून नऊपर्यंत क्रमांकांचीं दहा बटणें लूपानें मांडावीं, आणि प्रत्येकानें दाबल्यावर आपला क्रमांक सांगावा अशी चिठ्ठी त्यास जोडावी, तर दहाहि बटणें 'दहा' म्हणतात. आणि दहा हा तर त्यांतील कोणाचाच क्रमांक नव्हे, लूप जेथें थांबला तो आंकडा होय. वेबपानें तयार करणाऱ्या किती नवशिक्यांनीं ह्या कोड्यापायीं रात्री जागविल्या असतील ह्याची गणति नाहीं.

बटणांचें राहूं द्या. हाच दोष जेथें जगाचा विश्वास गुंतला होता तेथेंहि शिरला. संकेतस्थळांना विनामूल्य प्रमाणपत्रें देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था प्रसिद्ध आहे. पत्त्यापाशीं कुलुपाची खूण दिसते, ती अशा प्रमाणपत्रांच्या बळावर. अमुक संस्थेनेंच आपल्या नांवाचें प्रमाणपत्र द्यावें, अशी नोंद स्थळाच्या मालकास करून ठेवतां येते, आणि देणाऱ्या संस्थेनें ती नोंद पाहणें बंधनकारक असतें. एकाच प्रमाणपत्रांत अनेक स्थळांचीं नांवें असतील आणि त्यांची फेरतपासणी करावयाची असेल, तेव्हां ह्या संस्थेचा प्रोग्राम प्रत्येक नांव एकदां तपासण्याऐवजीं एकच नांव तितक्या वेळां तपाशी. २९ फेब्रुवारी २०२० रोजीं हें उघडकीस आलें, तेव्हां बाधित प्रमाणपत्रांची संख्या ३०,४८,२८९ भरली. त्यांतील सतरा लाखांवर प्रमाणपत्रें दिलेल्या मुदतींत रद्द केलीं गेलीं. बाकीचीं एकदम रद्द केल्यास असंख्य स्थळें अडतील म्हणून तीं त्या मुदतींत रद्द न करण्याचा निर्णय संस्थेनें घेतला. संस्थेनें हा सारा प्रकार आपण होऊन जाहीर केला, हें तिला भूषणावह आहे. मूळ पाहतां गो भाषेंतील एक लूप निघाला. त्या भाषेंत तेव्हां सर्व फेऱ्यांना फळा एकच असे. त्यांतहि मन वेधणारी गोष्ट ही, कीं त्या लूपांत दोन नांवें होतीं, आणि लिहिणारास धोका ठाऊक होता. पहिल्या नांवाची किंमत फेरीगणिक बदलते म्हणून त्यानें तिची प्रत करून ठेविली होती, आणि तसें टिपणहि शेजारीं लिहिलें होतें. दुसऱ्या नांवाची प्रत तेवढी राहिली. ज्ञान होतें, सावधगिरी होती, तरी दोष झाला. तेव्हां अशा ठिकाणीं माणसाच्या सावधगिरीवर विसंबण्यापेक्षां भाषेनें आणि लेखनाच्या रीतीनेंच त्यास सांभाळून घेणें बरें, हा धडा त्यांतून निघतो.

भाषाकारांनीं हा धडा घेतलाहि, आणि जुनी रीत मोडण्याचे त्यांचे तीन मार्ग पाहण्यासारखे आहेत. सी शार्प भाषेनें २०१२ सालीं आपल्या 'फॉरईच' लूपाचा अर्थच बदलला, आणि प्रत्येक फेरीला नवें नांव दिलें. साधा 'फॉर' लूप होता तसा ठेवला. जावास्क्रिप्टला जुनीं वेबपानें मोडणें परवडणारें नव्हतें. म्हणून तिनें २०१५ सालीं 'लेट' हा नवा शब्द आणला, आणि 'व्हार' जुन्या अर्थानें तसाच राहूं दिला. गो भाषेनें फेब्रुवारी २०२४ मध्यें, आपल्या १.२२ ह्या आवृत्तींत, प्रत्येक फेरीला नवें नांव देण्याचा नियम केला, परंतु जो प्रोग्राम स्वतःस त्या किंवा पुढील आवृत्तीचा म्हणवील त्यासच तो लागू ठेवला. कायदा बदलतांना मागील व्यवहारांस धक्का लागूं नये, ही जी काळजी विधिमंडळें घेतात तीच ही. चालत्या भाषेंतील लूपाचा अर्थ बदलणें हें अतिशय जोखमीचें काम. तें शहाण्या माणसांनीं अंगावर घेतलें, ह्यावरून प्रश्न वाटतो तितका लहान नाहीं, एवढें तरी सिद्ध व्हावें.

आमच्या पक्षाविरुद्ध दोन आक्षेप येतात. पहिला असा, कीं लूपाच्या आंत नांव जाहीर केलें म्हणजे यंत्रास दर फेरीला नवी जागा शोधावी लागेल आणि प्रोग्राम मंदावेल. साध्या संख्यांच्या बाबतींत ही भीति निराधार आहे. सीसारख्या भाषेचा कंपायलर फंक्शनांत शिरतांनाच लागेल तेवढी जागा एकदां राखून ठेवतो. नांव आंत जाहीर केलें काय आणि बाहेर केलें काय, त्यास अधिक श्रम पडत नाहींत. जेथें प्रत्येक फेरीला मोठी वस्तु बांधून मोडावी लागते, तेथें मात्र ती बाहेर बांधणें योग्य. पण तो अपवाद होय, आणि अपवादाचें कारण शेजारीं एका ओळींत लिहावें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : कधीं कधीं लूपानंतर ती किंमत खरोखरीच हवी असते. यादींत एखादें नांव कितव्या जागीं सांपडलें हें शोधावयाचें असेल, तर लूप संपल्यावर जागा ठाऊक नको काय? हवी, परंतु मग ती फेऱ्या मोजणाऱ्या आयची उरलेली किंमत म्हणून नव्हे, तर शोधाचें फळ म्हणून हवी. तिला लूपाबाहेर स्वतंत्र नांव द्यावें, 'सांपडलेली जागा' असें कांहीं अर्थवाही द्यावें, आणि सांपडलीच नाहीं तर काय समजावयाचें तेंहि आधींच ठरवून ठेवावें. व्याप्ति नेहमीं लहानच असावी असा आमचा हट्ट नाहीं. ती गरजेएवढी असावी, आणि गरज लिहिणारानें विचार करून ठरविलेली असावी, इतकेंच आमचें म्हणणें. वुल्फ आणि शॉ ह्यांनीं १९७३ सालीं, साऱ्या प्रोग्रामभर पसरणारीं नांवें अपायकारक आहेत, असें प्रतिपादन केलें तेव्हां त्यांच्या युक्तिवादाचा गाभा हाच होता : जें नांव कोठूनहि बदलतां येतें, त्याविषयीं कोठेंहि निश्चयानें कांहीं म्हणतां येत नाहीं.

आणि येथें आम्ही शैलीच्या प्रश्नाशीं येतों. कॉर्नेल विद्यापीठांतील इंग्रजीचे अध्यापक विल्यम स्ट्रंक ह्यांनीं १९१८ सालीं आपल्या विद्यार्थ्यांसाठीं लेखनशैलीवर एक चिमुकलें पुस्तक स्वतः छापलें. १९५९ सालीं त्यांचे विद्यार्थी ई. बी. व्हाइट ह्यांनीं तें वाढवून पुन्हां प्रसिद्ध केलें, आणि इंग्रजी लिहिणारांच्या टेबलावर तें कायमचें बसलें. कर्निघन आणि प्लॉगर ह्या दोघां संगणकशास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं 'द एलिमेंट्स ऑफ प्रोग्रामिंग स्टाईल' हा ग्रंथ लिहिला तेव्हां नांवापासून त्याच पुस्तकाचा आदर्श पुढें ठेविला. त्यांनीं छापील पाठ्यपुस्तकांतील प्रोग्राम घेतले, त्यांतील दोष दाखविले, आणि तेच प्रोग्राम सुधारून शेजारीं मांडले. निबंध तपासणारा मास्तर जें करतो तेंच हें. प्रोग्राम हाहि एक लेख आहे आणि त्याला वाचक आहे, ही गोष्ट त्या ग्रंथानें एका पिढीच्या गळीं उतरविली.

हा वाचक डोळ्यांपुढें आणला म्हणजे व्याप्तीचा अर्थ निराळाच दिसूं लागतो. प्रोग्राम वाचणारा माणूस प्रत्येक जाहीर नांव मनांत धरून पुढें जातो, आणि माणसाच्या मनांत एका वेळीं फार थोड्या गोष्टी मावतात. पहिल्या ओळींत जाहीर झालेला आय त्यास शंभराव्या ओळीपर्यंत वागवावा लागतो; प्रत्येक ओळीवर 'ह्यानें मधल्या मध्यें आय बदलला तर नाहीं ना?' अशी शंका जागी ठेवावी लागते. तोच आय लूपाच्या तोंडाशीं जाहीर केला, तर लूपाचा महिरपी कंस मिटतांच लिहिणारा वाचकास जणूं सांगतो, कीं हें ओझें आतां येथें उतरवा. नांवाची लांबी देखील ह्याच न्यायानें ठरावी. चार ओळी जगणाऱ्यास आय हें एकाक्षरी नांव शोभतें. त्यास मोठें नांव देणें हें पाव्हण्यास चहापुरतें बोलावून त्याची वंशावळ वाचण्यासारखें आहे. साऱ्या प्रोग्रामभर फिरणाऱ्यास मात्र पूर्ण, अर्थवाही नांव हवें, कारण तो जेथें भेटेल तेथें त्याची ओळख करून देणारा कोणी जवळ नसतो.

यंत्रास ह्यांतील कशाचीच पर्वा नाहीं. व्याप्ति लहान असो वा मोठी, त्याची स्मृति थकत नाहीं. म्हणूनच, आउटपुट बरोबर आलें, हा यंत्राचा दाखला शैलीच्या बाबतींत पुरेसा नसतो. तो दाखला माणसानें द्यावा लागतो. आणि हा माणूस पुष्कळदां लिहिणारा स्वतःच असतो, सहा महिन्यांनंतरचा, जेव्हां आपण हें असें कां लिहिलें ह्याची त्यास आठवण राहिलेली नसते. अलीकडे तर यंत्रेंच प्रोग्राम लिहून देऊं लागलीं आहेत, आणि आमचे विद्यार्थी तीं आनंदानें लिहवून घेतात. कांहीं सहकारी म्हणतात, आतां ही शैलीची कटकट संपली. आम्हांस उलट वाटतें. लिहिण्याचे श्रम यंत्राकडे गेले म्हणजे माणसाकडे वाचण्याचेच उरतात. आणि जें आपण लिहिलेलें नाहीं तें वाचून त्याखालीं आपली सही करावयाची, तर कोणतें नांव कोठें जन्मतें आणि कोठें संपतें, हें पाहण्याची दृष्टि पूर्वींपेक्षां अधिकच लागणार. दहा चिठ्ठ्यांवरचा मजकूर एकसारखा आणि निर्दोष दिसत असतांना, फळा एकच आहे हें ज्याच्या ध्यानांत येतें, त्याच्याच सहीला किंमत.

असो. दोन गुणांच्या मानानें हिशेब लांबला खरा. आमच्या त्या विद्यार्थिनीस हे गुण परत मिळावयाचे नाहींत. पण ते कोणत्या खात्यांत जमा झाले, एवढें तिला आतां कळावें. प्रोग्राम चालतो ह्याबद्दलचे सर्व गुण तिला मिळालेलेच आहेत. राहिलेले दोन, तिचा प्रोग्राम ज्यास पुढें वाचावा लागेल त्या अनोळखी माणसाच्या वतीनें आम्हीं मागून घेतले.